घराबाहेर राहून हाताने गोधडी: आधी पद्धत ठरवा, नक्षी मागाहून

साइटवरची

माझं काम साइटवरचं. काही आठवडे तिकडे, मग थोडे दिवस घरी, की पुन्हा तिकडे. राहायला एक खोली, त्यात पलंग, खुर्ची आणि भिंतीवर ट्यूबलाइट. अशा राहणीत पूर्ण आकाराची गोधडी हाताने होते का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. होते, नक्की होते. पण घरी बसून करणाऱ्याची रीत जशीच्या तशी उचलली तर ती अर्ध्यात राहते, म्हणून हा धागा.

आपण सगळे सुरुवात नक्षीपासून करतो. एखादं चित्र आवडतं, त्यासाठी कापड जमवतो आणि कापायला बसतो. बाहेर राहणाऱ्याने मात्र पहिल्यांदा पाहायचं ते हे की एका वेळी मांडीवर किती कापड मावेल आणि बॅगेत किती जाईल. ६० बाय ८० इंचाची गोधडी घ्या. वरचं कापड, मधला थर आणि अस्तर एकमेकांवर सपाट पसरायला तेवढी मोकळी फरशी लागते. कच्चे टाके पूर्ण होईपर्यंत तिच्यावरून कुणी जाता कामा नये. नंतर तो सगळा गठ्ठा अंगावर घेऊन बसायचं. खोली दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर हे जमतच नाही.

म्हणून मी चौकोन-चौकोनाने करते. १० इंची चौकोन धरले तर ६० बाय ८० ला सहा गुणिले आठ, म्हणजे ४८ लागतात. प्रत्येक चौकोनाचे तिन्ही थर वेगळे लावायचे आणि त्याचा धावदोरा त्या चौकोनापुरता पुरा करायचा. मापं अशी: वरचं कापड साडेदहा इंच, म्हणजे चारी बाजूंना पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड). मधला थर बरोबर दहा इंच, म्हणजे तो शिवणीत येत नाही आणि सांध्याला गाठ होत नाही. अस्तर अकरा इंच. धावदोरा घालताना काठाच्या साधारण इंचभर आत थांबायचं. काठ मोकळा राहिला पाहिजे, जोडताना तोच लागतो.

जोडणी: दोन चौकोनांची वरची कापडं सुलट बाजू समोरासमोर धरून पाव इंचावर शिवायची. मग उलटून, मधले थर काठाला काठ लावून शेजारी बसवायचे, एकावर एक चढू द्यायचे नाहीत. एकाचं अस्तर त्यावर सपाट पसरायचं. दुसऱ्याचं अर्धा इंच आत दुमडून, दुमड बरोबर सांध्यावर आणून, बारीक तुरपाई करायची. शेवटी काठाजवळ राहिलेला धावदोरा पुरा करायचा.

जोडणीचं काम कमी समजू नका. ४८ चौकोनांच्या आठ ओळी केल्या तर ओळीतले आखूड सांधे मिळून ४०० इंच आणि ओळी एकमेकींना जोडणारे लांब सांधे ४२० इंच. पुढून शिवण, मागून तुरपाई, म्हणजे दुप्पट: १६४० इंच, ४१ मीटरच्या वर. हे आधी माहीत असलं की 'चौकोन संपले, आता काय उरलंय' असं वाटून शेवटी हात गळत नाहीत.

तुमच्या पद्धती लिहा. बाहेर राहून केलेल्यांच्या तर नक्कीच.

रात्रपाळी

छान धागा, वाचनखूण साठवली.

माझी ड्यूटी पाळीची आणि वस्ती हॉस्टेलवर. मी षटकोनांची करतेय: कागदाचे षटकोन कापायचे, त्यावर कापड दुमडून कच्च्या टाक्याने बसवायचं आणि असे षटकोन काठाला काठ लावून बारीक टाक्याने सांधायचे. चारही बाजूंनी शेजारी लागले की मधला कागद काढता येतो... चारही नव्हे, सहाही बाजूंनी. तो कागद पुन्हा वापरता येतो. सगळं सामान एका छोट्या डब्यात मावतं. दहा मिनिटं मिळाली तरी एखादा षटकोन होतो आणि मध्येच उठावं लागलं तरी काही बिघडत नाही. पाळीत काम करणाऱ्यांना याहून सोयीचं काही नाही, असं माझं मत.

चौकोनाचे तिन्ही थर घेऊन बसायचं तर सलग अर्धा-पाऊण तास तरी हवा ना?

साइटवरची

@रात्रपाळी, सलग वेळ मिळाला तर बरं, पण धावदोऱ्याची एक ओळ संपवूनही उठता येतं. षटकोन मलाही आवडतात. फक्त आकार ठरवताना हिशेब करा. एक इंच बाजूच्या षटकोनाचं क्षेत्रफळ २.६ चौरस इंच. ६० बाय ८० म्हणजे ४८०० चौरस इंच, म्हणजे साधारण १८५० षटकोन. बाजू दोन इंच घेतली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेच काम ४६० च्या आसपास षटकोनांत होतं. दिसायलाही वाईट नाही, छापील कापडाची नक्षी मोठ्या षटकोनात उलट नीट दिसते. पहिलीच गोधडी असेल तर दीड इंचाच्या खाली जाऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन.

वाकळ

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्दा मला पटत नाही.

गोधडी टिकते ती तिन्ही थरांतून सलग गेलेल्या धावदोऱ्यामुळे. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओळ जाते तेव्हा ओढ सगळ्या कापडावर वाटली जाते. चौकोन जोडून केली की ओढ सांध्यांवर येते. धुताना ओली गोधडी उचलली की वजन कुठे पडतं ते बघा. शिवाय ४८ चौकोन वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या मनःस्थितीत केलेले असणार. हात कधी घट्ट, कधी सैल. धावदोरा कापड थोडं आत ओढतोच, त्यामुळे सगळे चौकोन दहा इंचाचे राहतच नाहीत.

आणि सलग गोधडीला मोठी फरशी लागतेच असंही नाही. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका 'कवंडी' करतात त्यात वरचं कापड आधी वेगळं शिवून घेत नाहीत. खाली अस्तर, त्यावर जुन्या कापडाचा थर, आणि काठापासून आत येत येत एकेक ठिगळ कड दुमडून ठेवायचं आणि धावदोऱ्यानेच बसवत जायचं. ठिगळ जोडणं, थर बांधणं आणि धावदोरा ही तिन्ही कामं एकाच टाक्यात होतात. मांडी हाच तिचा ओटा. गठ्ठा मोठा होतो हे खरं, पण कागद, आखणी, मापं यांतलं काही लागत नाही.

आडवा_धागा

@वाकळ, कवंडीचा उल्लेख केलात, बरं वाटलं. काठाकडून आत येण्यात एक धोका मात्र असतो: वरचं कापड सैल राहिलं तर ते मध्यात येऊन फुगतं. कवंडीत ठिगळ एकेक करून बसतं म्हणून ती सैल तिथल्या तिथे जिरते. वरचं कापड आधी पूर्ण शिवलेलं असेल तर मध्यातून बाहेर जाणंच बरोबर, म्हणजे सैल काठाकडे सरकते.

मधल्या थराबद्दल थोडं, कारण बाहेरगावी करणाऱ्यांचं तिथे चुकतं. तयार बॅटिंगच्या, म्हणजे विकत मिळणाऱ्या मधल्या थराच्या, पाकिटावर धावदोऱ्याच्या दोन ओळींमधलं जास्तीत जास्त अंतर छापलेलं असतं. काहींना दोन-चार इंचांवर ओळ लागते, काही आठ-दहा इंचही चालवून घेतात. दहा इंची चौकोनात इंचभर आतून सगळीकडून एक ओळ आणि मध्ये एक फूल एवढंच केलं, आणि थर जवळजवळ ओळी लागणारा असेल, तर धुतल्यावर कापूस गोळा होणार. त्यापेक्षा जुनी धुतलेली सुती चादर किंवा साडीचे थर घ्या. विणलेलं कापड आत सरकत नाही, गोळे होत नाहीत, सुईही सहज जाते. ऊब मात्र थोडी कमी.

कापड कापण्याआधी धुवा. सुती कापड आटतं, आणि तुम्ही ४८ चौकोनांत वेगवेगळ्या वेळी मिळालेलं कापड घालणार असाल तर प्रत्येक तुकडा वेगळा आटेल. गडद लाल, निळं, काळं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग जातो का ते बघा. आणि चौकोन कापताना उभा धागा काठाला समांतर ठेवा. उरेब, म्हणजे तिरका, कापलेला काठ ताणला जातो, मग कितीही मोजा, चौकोन चौकोन राहत नाही.

साइटवरची

@वाकळ, ओढीचा मुद्दा मान्य. म्हणूनच अस्तराचा सांधा मी साध्या तुरपाईवर सोडत नाही. तुरपाईचे टाके जवळजवळ घेते आणि नंतर सांध्याच्या दोन्ही बाजूंना, पाव-पाव इंचावर, तिन्ही थरांतून धावदोरा घालते. तो पूर्ण लांबीभर सलग जातो. म्हणजे तुम्ही म्हणता तशी काठापासून काठापर्यंत जाणारी ओळ इथेही मिळते, फक्त शेवटी मिळते.

चौकोन लहान-मोठे होतात हेही खरं. त्यावर उपाय: तिन्ही थर सुरुवातीला अर्धा-अर्धा इंच मोठे कापा. धावदोरा झाल्यावर घरी सपाट टेबलावर ठेवून, मोकळे काठ एकेक करून बाजूला करत, प्रत्येक थर त्याच्या मापाला छाटा. मध्याची खूण धरून चारी बाजूंना सारखं. वरच्या कापडाची नक्षी अगदी काठापर्यंत नेली असेल तर छाटताना टोकं उडतात, म्हणून काठाला एकाच कापडाची दीड इंचाची पट्टी राहू द्या. सगळ्या चौकोनांना तीच पट्टी दिली की हाताच्या सैल-घट्टपणातला फरकही डोळ्याला टोचत नाही.

कवंडी मी मनापासून मानते. पण ऐंशी इंचाची सोडा, चाळीस इंचाची सुद्धा माझ्या बॅगेत सेफ्टी शूज आणि हेल्मेटबरोबर जात नाही. मला तरी वाटतं, एखादी पद्धत श्रेष्ठ आहे का याआधी ती उद्या सकाळच्या बसमध्ये आपल्याबरोबर येऊ शकते का, हे विचारावं.

समुद्रपक्षी

मी जहाजावर. दोघांचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली, तिचा या वादाशी थेट संबंध आहे.

१८४१ साली 'राजा' नावाचं जहाज इंग्लंडमधून १८० महिला कैद्यांना घेऊन व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला निघालं. तुरुंग सुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या स्त्रियांच्या समितीने कैदी बायकांना सुया, दोरा, अंगुस्तान (सुई ढकलताना बोटात घालायची टोपी) आणि दोन-दोन पौंड कापडाचे तुकडे दिले होते. साडेतीन महिन्यांच्या त्या प्रवासात त्यांनी २८१५ तुकड्यांचं एक पांघरूण शिवलं. बाजू सव्वातीन मीटरच्या वर. आज ते कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियामध्ये आहे. मध्यभागी फुलं-पक्ष्यांचा चौकोन आणि त्याभोवती चौकटीमागून चौकटी.

आता मुद्दा. त्याला मधला थर नाही, अस्तरही नाही. जहाजावर जेवढं करण्यासारखं होतं तेवढंच केलं, म्हणजे वरचं कापड. मीही तसंच करतो. बोटीवर फक्त तुकडे जोडतो. वरचं कापड पातळ असतं, घडी करून लहान पिशवीत राहतं. थर लावणं आणि धावदोरा हे काम रजेवर, घरच्या फरशीवर. त्यामुळे वाकळ म्हणतात तसा सलग धावदोराही होतो आणि बॅगही भरत नाही. चौकटीवर चौकटी ही रचना यासाठी फार सोयीची: आतून बाहेर वाढवत न्यायचं, जिथे थांबू तिथे गोधडी त्या आकाराची पूर्ण.

रात्रपाळी

समुद्रपक्षी, काय सुंदर माहिती दिलीत! म्हणजे माझे षटकोनही तुमच्याच गटात आले, वरचंच कापड. थरांचं काय करायचं ते मी ठरवलंच नव्हतं. रजेत सलग आठ दिवसही मिळत नाहीत, आणि सगळा धावदोरा त्यात होणं अवघड.

समुद्रपक्षी

@रात्रपाळी, रजेत धावदोरा संपवायचाच असं नाही. थर लावून कच्चे टाके जवळजवळ घालून ठेवा, आडवे-उभे, हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर. मग ती गुंडाळून ठेवली तरी थर हलत नाहीत आणि पुढच्या रजेत आहे तिथून सुरू करता येतं. पिनांनीही होतं, पण महिनोन्महिने राहणार असेल तर पिना नकोत, गंजतात आणि डाग जात नाही. समुद्रावर तर फारच लवकर.

जाड_भिंग

मला नजरेबद्दल विचारायचंय. दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी हॉटेलच्या पिवळ्या दिव्यात सुईत दोरा ओवणं नको होतं. काही युक्ती?

आणि विमानात सुई-कात्री चालते का?

आडवा_धागा

@जाड_भिंग, दोरा ओवण्यासाठी: निघण्याआधी घरी, दिवसाउजेडी, पुष्कळ सुया एकाच रिळाच्या दोऱ्यात ओवून ठेवा. कापायचं नाही. काम करताना पहिली सुई पुढे ओढायची, बाकीच्या मागे सरकवायच्या आणि आपल्याला हवा तेवढा दोरा कापायचा. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत पुरे. त्याहून लांब घेतला की पीळ पडतो आणि प्रत्येक टाक्यात घासून दोरा विरतो.

दिव्यासाठी गळ्यात अडकवायचा लवचिक दिवा मिळतो, पांढऱ्या उजेडाचा. तो नसेल तर कामाची वाटणी करा: गडद कापडावर गडद दोरा दिवसा, फिकं रात्री.

धावदोऱ्याला 'बिट्वीन' नावाची आखूड सुई घ्या. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड. सुरुवात ९ किंवा १० नंबरने करा. सुई आखूड म्हणून टाका आपोआप लहान पडतो. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच, नाहीतर आठवडाभरात बोट सुजून काम बंद.

समुद्रपक्षी

विमानाचं मी सांगतो, वारंवार जातो. सुया सहसा अडवत नाहीत. कात्रीचे नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपियन युनियनमध्ये खिळ्यापासून टोकापर्यंत पातं ६ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर हातातल्या बॅगेत चालत नाही. अमेरिकेत ही मर्यादा ४ इंच. गोल पात्याचा कटर हातातल्या सामानात नेऊच नका. शिवाय कागदावर काहीही असलं तरी शेवटचा शब्द तपासणी करणाऱ्याचा, त्यामुळे आवडती कात्री चेक-इन बॅगेत टाका आणि हाताशी नेलकटर ठेवा. दोरा त्याने छान तुटतो.

साइटवरची

त्यात एक भर. खुणा करण्यासाठी उष्णतेने पुसले जाणारे पेन बरेच जण वापरतात, इस्त्री फिरवली की रेघ नाहीशी होते. कडक थंडीत ती रेघ परत दिसू लागते. गोधडी थंड प्रदेशात जाणार असेल किंवा विमानाच्या सामानात, तर तो पेन नको. साबणाची वाळलेली चीप किंवा खडू, आणि तेही एका बैठकीत जेवढं होईल तेवढंच आखायचं. प्रवासात घडी घासून खडू जातो.

सुया मोजून काढायच्या आणि मोजून ठेवायच्या. पलंगावर बसून काम करतो आपण, आणि तिथे दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी झोपणार असतं. डब्याच्या झाकणाला आतून लोहचुंबक चिकटवला की सुया तिथेच राहतात. हे मी प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगते.

वाकळ

अर्धा-अर्धा इंच मोठं कापून छाटायचं, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंनी सलग ओळ, हे पटलं. ती सलग ओळ असेल तर माझी मुख्य हरकत राहत नाही. तरी अस्तर एकसंध असावं ही माझी आवड कायम. उलट्या बाजूने एकच सलग कापड आणि त्यावर टाक्यांची नक्षी उमटलेली, ते चौकोनांच्या अस्तरात दिसत नाही.

अवांतर: मान आणि मनगट सांभाळा सगळ्यांनी. काम मांडीवर वाकून करू नका, मांडीवर उशी ठेवून काम वर आणा. वीस-पंचवीस मिनिटांनी हात मोकळे करा. दिवसभराच्या कामाने थकलेलं मनगट संध्याकाळी सुईला लावलं की दुखणं लवकर येतं आणि हळू जातं.

रात्रपाळी

शेवटचा प्रश्न. सगळे चौकोन झाल्यावरच जोडायला घ्यायचे की होतील तसे? आणि केलेले चौकोन कुठे ठेवता? माझ्या खोलीत दमट असतं.

साइटवरची

होतील तसे जोडायला मन ओढतं, पण मी निदान एका ओळीपुरते, म्हणजे सहा, हातात आल्याशिवाय जोडत नाही. सहा शेजारी मांडले की गडद-फिकं कुठे जावं ते दिसतं. मग पुढच्या वेळी घरी आल्यावर एक किंवा दोन ओळी. लांब सांधे मात्र सगळ्या ओळी मांडून झाल्यावरच, नाहीतर मध्येच एखादा रंग एकीकडे जमतो आणि उसवायला जीव होत नाही.

दमट खोलीत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका, आतला ओलावा आतच राहतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. सुती पिशवीत, भिंतीपासून दूर, आणि पूर्ण झालेले चौकोन प्रत्येक फेरीत घरी पोचवा. तिकडे फक्त चालू कामाचे चार-पाच असावेत.

आणि गोटाचं, म्हणजे कडेने लावायच्या पट्टीचं, कापड पहिल्याच दिवशी धुऊन वेगळं काढून ठेवा, वर्ष-दीड वर्षानंतर तोच रंग बाजारात मिळत नाही. ६० बाय ८० चा घेर २८० इंच. कोपरे आणि जोड धरून अडीच इंच रुंदीच्या, ४४ इंच पन्ह्यातून आडव्या कापलेल्या आठ पट्ट्या पुरतात. पाऊण मीटर कापड घ्या.